साडेसतरा हजारांचा उंबरठा

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना आयआयटीत शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. उत्तर २०२४ मध्येच मिळाले. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. ती राखण्यासाठी २४ जूनच्या सायंकाळी पाचपर्यंत १७,५०० रुपये भरायचे होते. पैसे जमेपर्यंत मुदत टळली. ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ वापरून प्रवेश देवविला. याला व्यवस्थेचा विजय म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. माफी प्रवेशानंतरची, वसुली मात्र आधीची! जागा अडवणाऱ्यांना चाप हवा, हे मान्य. पण त्यासाठी हमीपत्र पुरते. शुल्कमाफीस पात्र विद्यार्थ्याकडून ही रक्कम प्रवेशानंतर, शिष्यवृत्तीतून वळती करावी.