पास वसूल करण्याच्या नादात

मुंबई आपल्या पेण-रोह्याच्या माणसाला तशी परकी नाही. पण आपण तिथे जातो ते कामापुरते. परळच्या इस्पितळात कुणी आहे, दादरला लग्न आहे, नाहीतर फोर्टात मुलाखत आहे. काम उरकले की पनवेलची गाडी गाठायची. मग "मी मुंबई पाहिली" असे आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून म्हणतील?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी काहीही काम नसताना मुंबईला जायचे ठरवले. रेल्वेचे टूरिस्ट तिकीट मिळते. एक, तीन किंवा पाच दिवसांचे पैसे एकदाच भरायचे आणि पश्चिम, मध्य, हार्बर या तिन्ही मार्गांवर लोकलने हवे तितके हिंडायचे. लोकलची हद्द मात्र पनवेलला संपते. तिथवर रोहा-दिवा गाडी किंवा एस.टी., आणि तिचे भाडे वेगळे. नुसते एकदा जाऊन येणाऱ्याला साधे परतीचे तिकीटच स्वस्त पडते. आम्ही तीन दिवसांचे काढले. मुक्काम डोंबिवलीला, मित्राच्या मामांकडे.

पहिल्या दिवशी आम्ही त्या पासाचे गुलाम झालो. व्ही.टी., दादर, वांद्रे, चर्चगेट, पुन्हा दादर! उतरायचे, चहा घ्यायचा, पुढची लोकल पकडायची. रात्री हिशेब केला तर पास वसूल झाला होता. पाहिले होते ते फलाट.

दुसरा दिवस बुधवार. भायखळ्याला राणीची बाग आणि तिथलेच 1872 साली सुरू झालेले, आता भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे संग्रहालय पाहायला गेलो. दोन्ही बुधवारी बंद असतात. चूक आमचीच. पण तिकिटाला वेगळे पैसे मोजले असते तर चरफडत घरी गेलो असतो. पास होता म्हणून हसत व्ही.टी.ची लोकल पकडली. पासाचा खरा फायदा मला तिथे कळला. चुकायला पैसे पडत नाहीत.

व्ही.टी.हून पायी हुतात्मा चौकात आलो. आमच्यातला रोहेकर तिथे थबकला. चिंतामणराव देशमुखांचे रोह्याशी नाते. 1943 साली ते याच फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1956 साली मुंबईच्याच प्रश्नावर त्यांनी केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. शाळेत हे सगळे पाठ केले होते. तिथे उभे राहून ते पहिल्यांदा खरे वाटले. अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. पास खिशात निमूट पडून होता.

तिसऱ्या दिवशी गेटवेहून लाँचने घारापुरी. इथे पास चालत नाही. गंमत अशी की मुंबईची म्हणून जगभर मिरवणारी ही लेणी उरण तालुक्यात, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहेत! आपल्या अंगणातली त्रिमूर्ती पाहायला आम्ही मुंबईचा वळसा घालून गेलो.

आता मुद्द्याचे. आपली वार्षिक सहल म्हणजे ठरवलेली बस, हजेरी आणि "दहा मिनिटांत सगळे खाली या!" त्याऐवजी एक वर्ष चार-चार जणांचे गट करून हातात हे तिकीट द्यावे आणि संध्याकाळी एका ठिकाणी जमवावे. कुणी हरवेल, ही प्राध्यापकांची भीती मला समजते. मुलींच्या घरून परवानगी मिळणे सोपे नाही, हेही ठाऊक आहे. आम्ही स्वतः कुर्ल्याला चुकीच्या फलाटावर अर्धा तास उभे होतो. पण आता कुर्ला आम्हाला पाठ आहे, आणि उद्या नोकरीसाठी तिथेच उतरायचे आहे.

सहलीचा विषय निघेल तेव्हा मी हात वर करणार आहे. बुधवार मात्र टाळा; आणि घारापुरी सोमवारी बंद असते.