लेन्सला शिव्या देण्याआधी हे वाचा

मिरचीच्या पानाचा धूसर फोटो टाकून "दादा, काय मारू?" विचारणाऱ्यांनो, आज जरा कडू बोलतो.

"मॅक्रो लेन्सचा ऑटोफोकस लई स्लो आहे, दुसरी घ्यावी लागंल." कशाला? त्या लेन्सला लांबच्या बांधापासून वीतभर अंतरापर्यंत काच सरकवावी लागते. नेम चुकला की परत सगळी फेरी. त्यात वाऱ्यानं पान हललं की संपलं. लेन्सवर लिमिटरचं बटण असेल तर जवळच्या अंतरावर ठेवा, फेरी बरीच कमी होते. अगदी जवळून घेताना मात्र ऑटोफोकस सरळ बंदच करा. तिथं जेमतेम मिलिमीटरभर जागा स्पष्ट येते, मोटारीला ती सापडत नाही. डाव्या हातानं पान धरा, त्याच हातावर लेन्स टेकवा, अंग किंचित पुढं-मागं करत दहा-बारा फोटो घ्या. एखादा साधतोच. सकाळी वारा नसताना जा.

आणि सल्लागार साहेब, तुम्हीपण. हिरवा ढग बघून औषध सांगणं बंद करा. फुलकिड्यांनी पान वर वळतं, कोळीनं खाली. पण दोन्ही एकाच झाडावर असले तर? मागच्या साली माझ्या मिरचीवर पिवळा कोळी होता. असल्याच फोटोवरून फुलकिड्यांचं औषध दोनदा मारलं. पैसे गेले, शेंडेही गेले.

फोटो पानाच्या खालच्या बाजूचा पाठवा. वरच्या बाजूचा आला तर उत्तर देणार नाही.