ज्याची गाडी, त्याची बादली

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचा आहे त्यांना शेवटापर्यंत थांबायला नको. ज्याची गाडी, त्याने ती स्वतःच्या हाताने धुवावी. पाइपने नाही, बादलीने. आणि रोज तर मुळीच नाही. धडधाकट माणसाला गाडी चालवता येते, हप्ते फेडता येतात, 'एमएच ४६'च्या पुढे आवडता नंबर मिळावा म्हणून जादा पैसे मोजता येतात. मग पंधरा दिवसांतून एकदा तिच्या अंगावरची धूळही काढता आली पाहिजे.

एवढ्याशा गोष्टीसाठी लेख कशाला, असं वाटेल. पनवेलमध्ये राहत असाल तर वाटणार नाही.

पनवेल सध्या धुळीचं गाव आहे. २०१६ साली महानगरपालिका झाली, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि या सगळ्या काळात खडीचे डंपर, सिमेंटचे मिक्सर आणि अर्धवट बांधलेल्या इमारती आमच्या रस्त्यांवरून हटल्या नाहीत. रात्री स्वच्छ ठेवलेल्या गाडीवर सकाळी बोटाने नाव लिहिता येतं. त्यामुळे पहाटे साडेपाचला इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्या पुसणारी माणसं येतात. हातात एक बादली, खांद्यावर एक फडकं. आमच्याकडे गाडीमागे महिना सहाशे रुपये असा दर आहे, म्हणजे दिवसाला वीस रुपये. वीस रुपयांत नवं फडकं येत नाही, वेगळी बादली येत नाही आणि वेळही येत नाही. एका गाडीला पाच मिनिटं देऊन माणूस पुढच्या गाडीकडे वळतो. तिसऱ्या गाडीला बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, सहाव्या गाडीला ते गाळ असतं.

या पुसण्याने गाडीचं काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती त्याची. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. आपल्याकडची धूळ म्हणजे बरीचशी दगडाची आणि वाळूची भुकटी. ती कोरडी असताना किंवा जेमतेम ओल्या फडक्याने घासली की त्या थरावर बारीक चरे पडतात. रोज थोडे थोडे. दोन वर्षांनी भर उन्हात बॉनेटकडे पाहा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. मग मालक डिटेलिंगच्या दुकानात जातो. तिथे मशीनने पॉलिश करून चरे काढतात, म्हणजे तोच पातळ थर आणखी खरवडून सपाट करतात, आणि वर हजारो रुपयांचं सिरॅमिक कोटिंग लावून देतात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तेच फडकं त्या कोटिंगवरून फिरतं. वीस रुपयांत नुकसान करून घ्यायचं आणि वीस हजारांत भरून काढायचं, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात ते मला ठाऊक नाही.

दोष त्या पुसणाऱ्या माणसाचा नाही. वीस रुपयांत जे होतं ते तो करतो. दोष रोज पुसून घेणाऱ्याचा आहे, कारण त्याला गाडी 'पुसलेली' हवी असते. कशाने, कशी, किती पाण्यात, हे पाहायला तो खाली उतरलेला नसतो.

दुसरी जात रविवारवाल्यांची. हे स्वतः धुतात, म्हणून माझे जवळचे असायला हवेत. पण यांच्या हातात पाइप असतो. नळ सोडून पाइप फरशीवर टाकायचा, साबण लावायचा, मध्येच फोन घ्यायचा, मुलांना टायरवर पाणी मारू द्यायचं. आमच्या पार्किंगमधल्या नळाखाली पंधरा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. म्हणजे मिनिटाला बारा लिटर. दहा मिनिटं पाइप चालला की १२० लिटर. आता दुसरा आकडा: जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी उद्दिष्ट आहे. प्यायला, रांधायला, अंघोळीला, धुण्याभांड्याला, सगळं मिळून. रविवारच्या एका गाडीत दोन माणसांचा दिवस वाहून जातो.

हे दोघे कुठल्या लांबच्या जिल्ह्यातले आहेत असंही समजू नका. जुन्या पनवेलला पाणी पुरवणारं देहरंग धरण गाढी नदीवर आहे, माथेरानच्या डोंगरांच्या बाजूला. धरण छोटं, त्यात गाळ साचलेला. उन्हाळ्यात ते तळ दाखवू लागतं आणि शहरात एक दिवसाआड पाणी, टँकर, नगरसेवकाला फोन हे सगळं सुरू होतं. त्याच डोंगरांच्या कुशीत ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. उन्हाळ्यात तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यात, तलावांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पनवेलमध्ये हे घडतं. वडाळे तलावाच्या काठी संध्याकाळी फिरायला जाणारी आपण माणसं घरी येऊन टँकरची वर्गणी भरतो आणि रविवारी पाइप सोडतो.

पाणी गेलं कुठे, हाही प्रश्न कोणी विचारत नाही. न्हाणीघरातलं पाणी निदान मलवाहिनीत जातं, पुढे प्रक्रिया केंद्रापर्यंत पोचण्याची आशा असते. पार्किंगमधलं पाणी पावसाळी गटारात जातं, गटारातून नाल्यात, नाल्यातून गाढीत नाहीतर थेट खाडीत. त्यात साबण असतो, तेल असतं, ब्रेकची काळी भुकटी असते. २०१७ साली तळोजा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात निळी पडलेली कुत्री दिसली, तेव्हा कारखान्यांच्या नावाने आपण सगळ्यांनी बोटं मोडली. ती मोडायलाच हवी होती. कारखान्याच्या सांडपाण्यापुढे माझ्या गाडीचा फेस किरकोळ आहे हेही खरं. पण नाला आणि खाडी सगळ्यांची एकच आहे, आणि आपला फेस कमी करायला कुठल्याही मंडळाच्या नोटिशीची गरज नाही.

नोटीस येईपर्यंत थांबायची मात्र आपल्याला सवय आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लावला. नळ कोरडा पडला की नियम होतो, पहिला पाऊस पडला की आपण तो विसरतो. पनवेलमध्ये तर मी भर जुलैच्या पावसात, छत्री धरून, पाइपने गाडी धुणारे गृहस्थ पाहिलेले आहेत.

आता मुख्य आक्षेपाकडे येते. 'तुम्ही सांगता तसं सगळ्यांनी स्वतः धुतलं, तर त्या गरीब माणसाच्या पोटावर पाय नाही का येणार?' प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारणाऱ्यांनी त्या माणसाचे पैसे शेवटचे कधी वाढवले तेवढं आधी सांगावं. त्याला सोसायटीचं शौचालय वापरता येतं का, हेही सांगावं. माझं उत्तर असं: पैसे कापू नका, फेऱ्या कापा. मी गाडी स्वतः धुते आणि आमच्याकडे येणाऱ्या माणसाला महिन्याचे सहाशे पूर्ण देते. तो आठवड्यातून दोनदा काचा आणि आरसे पुसतो, मी दिलेल्या फडक्यांनी. वीसच्या वीस गाड्यांनी असं केलं तर त्याची कमाई तेवढीच राहील आणि डिसेंबरच्या पहाटे गार पाण्यात हात घालण्याचे निम्म्याहून जास्त दिवस वाचतील. म्हातारी माणसं, आजारी माणसं, ज्यांना वाकता येत नाही ती माणसं, यांना त्याची खरी गरज आहे. त्यांचं काम त्याने सावकाश, नीट आणि जास्त पैशांत करावं.

पण मला दाट शंका आहे की आक्षेप पोटाचा नसून वेगळाच आहे. मी रविवारी सकाळी बादली घेऊन खाली उतरले की हमखास एक प्रश्न येतो: 'काय ताई, माणूस आला नाही का आज?' यातला 'माणूस' म्हणजे पुसणारा, की माझा नवरा, हे विचारणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं. दोघांपैकी कोणीतरी असायला हवं होतं आणि नाही, म्हणून मी धुते आहे, अशी त्याची समजूत असते. चारचाकीची मालकीण आणि हातात ओलं फडकं, हे त्याला बघवत नाही.

बाईच्या हातातलं फडकं आपल्याला एरवी नवीन नाही. ती भांडी घासते, कपडे पिळते, फरशी पुसते, त्याला कोणी नाव देत नाही. तेच ताटसुद्धा न विसळणारा पुरुष फोम गन विकत आणतो, सहा रंगांची मायक्रोफायबर फडकी आणतो, रविवारी तीन तास गाडीला आंघोळ घालतो, आणि त्याला 'डिटेलिंग' म्हणतात. छंद म्हणतात. व्हिडिओ काढतात. आणि पहाटे साडेपाचला तेच काम वीस रुपयांत करणाऱ्याला 'तो पुसणारा' म्हणतात. काम एकच. हात बदलला की त्याचं नाव बदलतं, किंमत बदलते, अब्रू बदलते. आपल्या समाजात धूळ कोणी काढायची हे शतकानुशतकं जन्मावरून ठरत आलं, आणि ती सवय आपण लिफ्टने पार्किंगपर्यंत खाली आणली आहे. गाडगेबाबांच्या हातातल्या खराट्याला आपण फोटोत हार घालतो. स्वतःच्या हातात तो घ्यायची वेळ आली की माणूस शोधतो.

ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांच्याकडे पाहा. पनवेल स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, कळंबोलीच्या लोखंड बाजारातला ट्रकवाला. पाण्याचा डबा किंवा अर्धी बादली आणि जुना बनियन, एवढ्यात तो काच, दिवे, नंबरप्लेट, आसन सगळं लख्ख करतो. टायर पुसताना त्याला घुसलेला खिळा दिसतो, खालून गळणारं तेल दिसतं. घाटावर पोळ्याला शेतकरी बैल धुतो तेव्हाही तेच होतं; हात फिरवता फिरवता खांद्यावरची जखम कळते. आपण मात्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी रांग लावून पाइपने गाड्या धुऊन घेतो, हळदीकुंकवाची बोटं ओढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, आणि त्या हळदीचा डाग पुढचा महिनाभर बॉनेटवर मिरवतो, कारण तो वेळीच पुसणं हे आपलं काम नसतं.

'वेळ कुठे आहे' म्हणणाऱ्यांसाठी माझा हिशेब देते. दोन बादल्या, पंधरा-पंधरा लिटरच्या, त्याही पाऊण भरलेल्या. एकीत गाडीसाठीचा सौम्य शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, तो आधी लावलेलं मेणही धुऊन काढतो. गाडी सावलीत आणि इंजिन गार. आधी मगभर मगभर पाणी ओतून धूळ सैल करायची, मग टपापासून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त माती खाली असते. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके राहतात. चाळीस मिनिटं, पंचवीस लिटरच्या आत. पक्ष्यांची घाण मात्र रविवारची वाट न पाहता ओल्या फडक्याने त्याच दिवशी काढायची, ती रंग खाते.

तीन-चार महिन्यांतून एकदा मेण लावते. चांगल्या मेणात कार्नौबा असतं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं. पातळ थर, थोडं वाळू द्यायचं, मऊ फडक्याने पुसायचं. त्यावर धूळ कमी चिकटते आणि पाणी घरंगळून जातं, म्हणजे पुढच्या वेळी आणखी कमी पाणी. पावसाळ्यात तर नळाची गरजच नाही. दहा चौरस मीटर पत्र्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटरचं पिंप भरतं, आणि आमच्याकडे तेवढा पाऊस कित्येकदा चहा होईपर्यंत पडून जातो. ते पाणी मऊ असतं, त्याचे ठिपकेही पडत नाहीत.

बादलीचा आग्रह मी एवढ्यासाठी धरते की बादली उचलावी लागते. नळापासून गाडीपर्यंत तिसरी बादली नेताना कंबर विचारते, खरंच हवी आहे का? पाइप असा प्रश्न कधी विचारत नाही, आणि पहाटे येणाऱ्या माणसाला तो विचारायची सोय नसते. पाण्याचा इतका स्वस्त आणि खरा मीटर कुठलीही महानगरपालिका बसवून देणार नाही.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा जवळ आली आहे. मी तीन ठराव लेखी दिले आहेत. पार्किंगच्या नळाला पाइप जोडायला बंदी. गाड्या पुसणाऱ्यांना शौचालय, स्वच्छ फडकी आणि आठवड्याची सुट्टी, पैसे न कापता. आणि गच्चीच्या पन्हाळीखाली दोन पिंपं. पहिल्या ठरावाला विरोध होईल, तिसऱ्याला 'बघू' म्हणतील, दुसऱ्यावर कोणी बोलणारच नाही. सूचक मी आहे, तिन्ही ठरावांना अनुमोदक हवा आहे. तुमच्या सोसायटीतही हवा असेल. पाइप गुंडाळून ठेवा आणि हात वर करा.