नॉमिनी

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक वाक्य हजारदा बोलावे लागते. खातेदार निवर्ततो, त्याने नेमलेला नॉमिनी कागदपत्रे घेऊन येतो आणि खात्यातली रक्कम आता आपली, असे धरूनच समोरच्या खुर्चीत बसतो. त्याला सांगावे लागते, "पैसे तुमच्या हाती देऊ, पण तुम्ही त्यांचे मालक नाही, वारसांच्या वतीने ते सांभाळणारे विश्वस्त आहात." निम्म्या जणांना हे पटत नाही. काही तर मलाच चोर ठरवून तरातरा निघून जात.

निवृत्तीनंतर हे वाक्य मी विसरलो होतो. ते पुन्हा आठवले ‘क्रॅनबेरीज’ या आयरिश रॉक बँडमुळे. या बँडची गायिका डोलोरेस ओरिऑर्डन १५ जानेवारी २०१८ रोजी लंडनमधल्या एका हॉटेलात मरण पावली. वय अवघे ४६. दारूच्या अमलाखाली न्हाणीतल्या टबात बुडून झालेला अपघाती मृत्यू, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पण नव्या अल्बमसाठी तिने गायलेला आवाज ध्वनिमुद्रित होऊन मागे राहिला होता. उरलेल्या तिघा वादकांनी त्या आवाजाचे काय करायचे?

रॉक संगीत आणि हा गृहस्थ, असे वाटणे साहजिक आहे. घरात केबल आली त्या काळात माझी मुलगी एमटीव्ही लावून बसे. सोनेरी रंग फासलेली एक बाई भल्यामोठ्या क्रुसापुढे उभी राहून आक्रोश करते आहे, भोवती रुपेरी रंगाची मुले, मधूनच रस्त्यावरचे बंदूकधारी शिपाई. "आवाज कमी कर," एवढीच माझी त्यावरची टीका होती. मुलीने आवाज कमी केला आणि मीही तो विषय सोडून दिला. गाण्याचा अर्थ समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली, याची आज थोडी शरम वाटते.

लिमरिक हे या बँडचे गाव. पाच ओळींच्या वात्रट कवितेला ज्याचे नाव मिळाले तेच, शॅनन नदीवरचे. नोएल आणि माईक होगन हे भाऊ व त्यांचा मित्र फर्गल लॉलर यांनी १९८९ मध्ये बँड काढला. पहिला गायक सोडून गेला. १९९० मध्ये जवळच्या बॅलीब्रिकन खेड्यातली, चर्चमध्ये गाणारी, ऑर्गन वाजवणारी डोलोरेस चाचणीसाठी आली. मुलांनी तिला आपल्या एका चालीची कॅसेट दिली. ती घरी घेऊन गेली आणि परत आली ती त्या चालीवर शब्द बसवूनच. ते गाणे ‘लिंगर’. म्हणजे पहिल्या भेटीतच हिशेब ठरून गेला होता : चाल नोएलची, शब्द आणि सूर डोलोरेसचे. ही भागीदारी पुढे नीट ध्यानात ठेवावी लागेल.

१९९३ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. बँड दुसऱ्यांच्या कार्यक्रमात आधी गाण्यासाठी अमेरिकेत गेला, तिथे ‘लिंगर’ लोकांनी उचलून धरले आणि मग मायदेशी किंमत आली. हा क्रम आपल्याला अपरिचित नाही! १९९४ मध्ये तोच अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. डोलोरेसने आपले खेडवळ लिमरिकी उच्चार बदलले नाहीत. स्वर मध्येच तुटून वर जायचा, तोही तिने गुळगुळीत केला नाही. मला या बँडचे खरे धाडस यातच दिसते.

आणि मग ते सोनेरी बाईचे गाणे, ‘झॉम्बी’. २० मार्च १९९३, शनिवार. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये मातृदिन. वॉरिंग्टन गावच्या बाजारपेठेत कचऱ्याच्या डब्यांत आयरिश रिपब्लिकन आर्मीने ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. तीन वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, बारा वर्षांचा दुसरा पाच दिवसांनी. डोलोरेस तेव्हा दौऱ्यानिमित्त इंग्लंडमध्ये होती. हे आमच्या नावाने केलेले नाही, असे एका आयरिश मुलीने मोठ्याने सांगणे म्हणजे हे गाणे. सप्टेंबर १९९४ मध्ये ते बाहेर पडले, तेव्हा उत्तर आयर्लंडमधली शस्त्रसंधी जाहीर होऊन थोडेच दिवस झाले होते. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया सगळीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेले. टीकाही झाली. ब्रिटिश सैन्याच्या गोळ्यांनी गेलेल्या मुलांसाठी हिचे डोळे का भरले नाहीत, असे विचारले गेले. प्रश्न खोटा नव्हता. पण एका दुःखावर गाणाऱ्याने जगातल्या सगळ्या दुःखांचा ताळेबंद आधी जुळवावा, ही अपेक्षा निदान मला तरी, ताळेबंदातच हयात जाऊनही, पटत नाही.

त्यानंतरची वाटचाल बरीचशी उताराची. १९९६ चा तिसरा अल्बम समीक्षकांनी झोडपला, दौरा अर्धवट सोडावा लागला. आणखी दोन अल्बम, २००३ मध्ये विश्रांती, २००९ मध्ये पुन्हा एकत्र येणे. डोलोरेसचे मानसिक आजारपण तिने स्वतःच उघडपणे सांगितले होते. २०१७ मध्ये पाठदुखीमुळे दौरा थांबला आणि रिकामपणात नोएल व ती नवी गाणी रचू लागले. तो चाल पाठवी, ती गाऊन परत धाडी. लिमरिकच्या त्या कॅसेटसारखेच, फक्त मध्ये अटलांटिक महासागर.

तिच्या मृत्यूनंतर तिघांनी प्रथम तिच्या कुटुंबीयांची परवानगी मागितली. ती मिळाल्यावर, पहिला अल्बम करणाऱ्या स्टीफन स्ट्रीटलाच सोबत घेऊन, त्यांनी तिच्या आवाजाभोवती वाद्ये वाजवली. ‘इन दि एंड’ हा अल्बम एप्रिल २०१९ मध्ये निघाला. आणि तिघांनी जाहीर केले, की डोलोरेसविना क्रॅनबेरीज नाही. हे नाव घेऊन आम्ही पुन्हा मंचावर येणार नाही.

पहिल्या निर्णयाशी माझे मन बराच काळ भांडले. माझ्या कपाटात दोन अर्धवट कादंबऱ्या आहेत. माझ्या पश्चात त्या कोणी ‘पूर्ण’ करून छापल्या, तर माझा आत्मा पिंडाला कावळा शिवू देणार नाही. पण इथे चाली नोएलच्याच होत्या आणि तिच्या गाण्यात कोणी तिच्या नावाने नवे शब्द घातले नाहीत. खाते संयुक्त होते. एका खातेदाराने आपली रक्कम आधीच भरून ठेवली होती. वारसांना विचारून ते मार्गी लावणे हे विश्वस्ताचे कामच.

अवघड होता तो दुसरा निर्णय. ‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी, आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला पारशी मुलगा, १९९१ मध्ये गेला. त्याच्या मागे राहिलेल्या आवाजावर १९९५ मध्ये अल्बम निघाला, तो चांगलाही होता. पुढे मात्र दुसरे गायक घेऊन त्याच नावाचे दौरे सुरू झाले. लोक आनंदाने तिकिटे काढतात, त्यात गुन्हा काहीच नाही. तरी मला तिथे काउंटरवरचा तो नॉमिनी दिसतो. आता तर यंत्र गेलेल्या माणसाच्या आवाजात हवे ते गाऊ शकते. असे करायला आडकाठी उरलेली नसताना लिमरिकच्या तिघांनी आपणहून खाते बंद केले. पन्नाशीही न गाठलेले तिघे. दुसरी गायिका उभी करून सहज वीस वर्षे खाल्ली असती. जुने अल्बम नव्या वेष्टनात निघतात, ते निघोत. ती मुद्दलावरची व्याजाची रक्कम, वारसांनाही पोचणारी.

गाणी मात्र कोणाच्याच हवाली राहत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये रग्बीच्या विश्वचषकात पॅरिसला आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला हरवले, तेव्हा हजारो आयरिश प्रेक्षकांनी ‘झॉम्बी’ गायले आणि जुना वाद नव्याने पेटला. त्याआधी, डोलोरेस गेली त्याच वर्षी, १९ ऑगस्ट २०१८ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर लिमरिकने हर्लिंग या आयरिश खेळाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. १९७३ नंतर पहिल्यांदा, आणि तेही एका गुणाने. त्या वेळी मैदानातल्या ध्वनिक्षेपकांवर बँडचे अगदी सुरुवातीचे गाणे ‘ड्रीम्स’ लागले, आणि पंचेचाळीस वर्षे थांबलेल्या लिमरिकच्या माणसांनी तिच्या सुरात सूर मिसळला.