वणवा लागत नाही, लावला जातो

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहिवलीतून रात्री डोंगराकडे पाहिलं की कधीतरी उतारावर आगीची रेघ सरकताना दिसते. सकाळी व्हिडिओ फिरतो आणि खाली ठरलेली प्रतिक्रिया येते: 'आदिवासींनीच लावला असेल.' हे वाक्य आपण तपासून पाहिलं पाहिजे.

कर्जत-खालापूरचं बरंचसं जंगल पानझडीचं. उन्हाळ्यात पाचोळा आणि वाळकं गवत साठतं. ठिणगी मात्र बहुतेक वेळा माणसाचीच असते: फेकलेली बिडी, सहलीला आलेल्यांची न विझवलेली चूल, शिकार, नवं गवत फुटावं म्हणून ओढलेली काडी. म्हणून वणव्याला नैसर्गिक आपत्ती म्हणून मोकळं होता येत नाही.

राब म्हणजे वणवा नव्हे. भात-नाचणीच्या रोपांसाठी शेतातल्या ठरावीक तुकड्यावर पालापाचोळा भाजतात, ती राखलेली आग असते. तीही कधी हाताबाहेर जाते, हे मान्य. पण डोंगर जळाला की ठाकर-कातकरी वाड्यांचीच करवंदं, मोहफुलं, सरपण आणि चारा जातो. उघडी पडलेली माती पावसात वाहते. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिचं कारण वणवा होता असं म्हणता येणार नाही. मात्र डोंगर ढासळला की किंमत कोण मोजतं, ते तेव्हा साऱ्यांनी पाहिलं.

1927 च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनात आग लावणं गुन्हा ठरवलं, आणि संशयाचं बोट वाडीकडेच वळत राहिलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. सामूहिक वनहक्क हाती असलेलं गाव आपलं जंगल म्हणून जाळरेषा काढतं, आग विझवायला धावतं. हक्कच नसेल तर नुसत्या दंडाच्या भीतीने हे होत नाही.

त्याच 1927 साली, 25 डिसेंबरला, याच जिल्ह्यात महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. ती आग ठराव करून, जबाबदारी घेऊन पेटवलेली होती. वणवा बेवारस असतो, आणि बेवारस आगीचा दोष दुबळ्याच्या माथी मारणं सोपं असतं.

तरुण मित्रांनो, पुढचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी त्या वाडीत जा. सामूहिक वनहक्काचा दावा कुठे अडला आहे ते विचारा, आणि जानेवारीत जाळरेषा काढायला त्यांच्या सोबत उभे राहा.

जय भीम!