पिंजऱ्यातली आई

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घाटावरच्या घरात दोन वास एकदम दरवळत. एक उटण्याचा आणि दुसरा तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूचा. आम्हां मुलांना आंघोळी घालण्यासाठी आजी अंधारात उठे, बंब पेटवी आणि पाणी तापेपर्यंत चुलीवर जुना तवा ठेवून मशेरी भाजून घेई. काळीठिक्कर झालेली ती तंबाखू चुरून डबीत भरली, बोटाने दातांना लावली, की मगच तिचा हात तेलाच्या वाटीकडे वळे. घरातल्या तिन्ही सुना तीच डबी वापरीत. त्यांतली एखादी गरोदर असली तरी डबी तिच्यापुढे सरकवली जाईच. 'तेवढीच मळमळ थांबते' असे वर सांगितलेही जाई. याला व्यसन म्हणावे असे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. व्यसन म्हणजे दारू आणि दारू म्हणजे पुरुष, असा आमच्याकडचा सोपा हिशेब होता.

पुढे माझे सारे आयुष्य व्यसन आणि गर्भारपण यांच्याच अभ्यासात गेले. ज्या शाखेत मी शिकले आणि शिकवले तिला वर्तन-औषधशास्त्र म्हणतात. मेंदूवर चालणारी द्रव्ये प्राण्यांचे आणि माणसांचे वागणे कसे बदलतात, ते पाहावयाचे, मोजावयाचे आणि मग बोलावयाचे, एवढाच या शास्त्राचा धर्म. पण लग्नामुंजीत कोणी माझ्या कामाची चौकशी केली आणि मी खरे ते सांगितले, की मोजमाप कोणालाच नको असते. लगेच निकाल लागतो. "असल्या बायकांना आई होण्याचा अधिकारच काय? तुरुंगात घातल्या पाहिजेत!" असे म्हणणाऱ्या गृहस्थांच्या गालात बहुधा तंबाखूचे पान असते. माझे आजचे भांडण या गृहस्थांशी आहे. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ते थोडेसे माझ्याशीही आहे.

कारण एके काळी मीही याच न्यायासनावर बसले होते. नुकतीच नोकरीला लागले होते आणि एका रुग्णालयात गरोदर स्त्रियांची माहिती लिहून घ्यावयास जात होते. एक बाई आली. पाचवा महिना, अंगात रक्त नाही आणि कनवटीला मशेरीची डबी. दिवसातून किती वेळा, असे विचारले तेव्हा तिने बिचकत बोटे मोजली आणि सहा सांगितले. मी भर रांगेत तिच्यावर कडाडले. "लाज नाही वाटत? पोटातल्या पोराला विष घालतेस!" ती काही बोलली नाही. डबी पदराखाली घेतली, केसपेपर घडी करून चोळीत खोचला आणि गेली.

त्यानंतर ती तपासणीला आली नाही. आली ती थेट अडल्यावर, बैलगाडीतून. मूल मेलेलेच जन्माला आले. मशेरीने ते गेले, असे मी म्हणणार नाही. एका बाईवरून तसे म्हणता येत नाही, आणि तिच्या अंगातल्या रक्ताची कमतरताही विसरता येत नाही. पण मधले चार महिने ती का आली नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तिच्या जावेने मला व्हरांड्यात गाठून सांगितले, "बाई, तुम्ही बोललात ना तिला, म्हनून ती येत नव्हती." माझ्या चाळीस वर्षांच्या कामात यापेक्षा मोठे वाक्य मला कोणत्याही ग्रंथाने सांगितले नाही.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. १९५५ साली पीटर ड्यूज या संशोधकाने कबुतरांवर एक प्रयोग केला. चकतीवर चोच मारली की दाणा मिळे. मात्र दाणा केव्हा मिळावा याचे नियम दोन होते. एका नियमात ठराविक टोचांनंतर, तर दुसऱ्यात ठराविक वेळ गेल्यानंतर. दोन्हींत गुंगीच्या एकाच औषधाची तीच मात्रा दिली, तर एका नियमाखाली कबूतर जास्त वेगाने टोचू लागले आणि दुसऱ्या नियमाखाली मंदावले! तेच औषध, तेवढेच औषध. पण भोवतालचा व्यवहार बदलला, की त्याचा परिणामही बदलला. आमच्या शाखेचा पाया या निरीक्षणावर उभा आहे. द्रव्याचा गुण एकट्या द्रव्यात नसतो, तो ते घेणाऱ्याच्या परिस्थितीतही असतो.

१९६०नंतरच्या काही वर्षांत उंदीर आणि माकडे खटका दाबून स्वतःच्या शिरेत अफूजन्य औषध टोचून घेतात, हे दिसले. त्यांना कोणी वाईट संगत लावली नव्हती की त्यांचे संस्कार बिघडले नव्हते. पुढे १९८९ साली मॅरिलिन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात कोकेनच्या खटक्याजोडीला गोड पाण्याची सोय केली, तेव्हा उंदरांचे कोकेन घेणे कमी झाले. म्हणजे ज्याच्यापुढे दुसरे काही गोड नाही तो एकाच खटक्याला चिकटून बसतो. पहाटे चारला उठून रात्री दहाला पाठ टेकणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या, दाढ दुखली तरी दवाखाना न पाहणाऱ्या बाईच्या आयुष्यात गोड पाण्याची दुसरी वाटी कोणती, हे आपणच सांगा.

"हे सारे ठीक, पण शिक्षेचा धाक हवाच," असे म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेचा दाखला आहे, कारण त्या देशाने हा प्रयोग खऱ्याखुऱ्या आयांवर करून पाहिला. १९८५ साली कोकेन घेणाऱ्या अवघ्या तेवीस गरोदर स्त्रियांवरचा एक निबंध प्रसिद्ध झाला आणि पाहता पाहता वर्तमानपत्रांनी गहजब केला, की या आयांची मुले मेंदूने कायमची अधू होऊन समाजावर भार होणार. १९८९ साली दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथील सरकारी रुग्णालयाने पोलिसांशी संधान बांधले. गरोदर स्त्रियांची लघवी तपासावयाची आणि कोकेन सापडले की पोलिसांना कळवावयाचे. तीस स्त्रिया पकडल्या गेल्या. काहींना बाळंतिणीच्या खाटेवरून बेड्या घालून नेले. त्या तिसांपैकी एकोणतीस कृष्णवर्णीय होत्या. संमतीवाचून अशी तपासणी करणे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. तोवर जी मने करपावयाची ती करपून गेली होती.

आता त्या अधू मुलांचे काय झाले? फिलाडेल्फियाच्या डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९पासून २२४ गरीब मुलांचा पिच्छा दोन दशकांहून अधिक काळ पुरविला. त्यांतली निम्मी मुले गर्भात कोकेनला सामोरी गेलेली होती, निम्मी नव्हती. बुद्धीच्या कसोट्यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. निघाले ते वेगळेच. दोन्ही गट सर्वसाधारण मुलांच्या मागे होते! कोकेन गर्भाला निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याने मूल लहान आणि लवकर जन्मण्याचा धोका वाढतो. पण मुलांना खरोखर मागे खेचणारा जो आरोपी होता त्याचे नाव दारिद्र्य होते, आणि दारिद्र्याला बेड्या घालावयास एकही पोलीस गेला नाही.

शिक्षा कोणाच्या वाट्याला येते तेही पाहण्याजोगे आहे. फ्लोरिडातील पिनेलस परगण्यात ७१५ गरोदर स्त्रियांची तपासणी झाली, तिचा अहवाल १९९० साली छापून आला. मादक द्रव्याचा अंश गोऱ्या स्त्रियांत शेकडा १५.४ जणींत आणि काळ्या स्त्रियांत शेकडा १४.१ जणींत सापडला, म्हणजे जवळजवळ सारखाच. पण अधिकाऱ्यांकडे तक्रार झाली ती काळ्या स्त्रियांची, गोऱ्यांच्या सुमारे दहापट! हे वाचून अमेरिकनांना नावे ठेवण्याची घाई करू नका. वस्तीतली बाई दारू पिऊन दिसली तर आपण नाक मुरडतो आणि माजघरातल्या मशेरीच्या डबीला पितळेचे झाकण करून देतो. आपलाही न्याय द्रव्य पाहून होत नाही, माणूस पाहून होतो.

माजघरातले ते द्रव्य निरागस मुळीच नाही. मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी केला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरीसारखी धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरीने १०५ ग्रॅम हलकी निघाली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. फार अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका तर कितीतरी पटींनी वाढलेला होता. तंबाखूतले निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोहोचते. आईच्या हिरड्यांपाशी ते थांबत नाही. म्हणून कोणी असे समजू नये, की मी आईला पाठीशी घालण्यासाठी बाळाला विसरते आहे. उलट बाळाची काळजी आहे म्हणूनच विचारते, की आईला दवाखान्यातून पळवून लावून त्या बाळाला तुम्ही वाचवणार कसे?

वाचविण्याचे मार्ग आहेत, आणि तेही मोजून पाहिलेले. अफूजन्य द्रव्यांच्या आहारी गेलेल्या गरोदर स्त्रीचे व्यसन एकाएकी तोडणे सुरक्षित मार्ग नव्हे. तिला देखरेखीखाली त्याच जातीचे बेताचे औषध नियमित देतात. हेंड्री जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७५ स्त्रियांवर दोन औषधांची तुलना केली, ती २०१० साली छापली. ब्युप्रेनॉर्फिन घेतलेल्या आयांच्या बाळांना दहा दिवसांत घरी जाता आले. मेथाडोन घेतलेल्यांच्या बाळांना साडेसतरा दिवस लागले. मात्र ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार मध्येच सोडणाऱ्या स्त्रिया अधिक निघाल्या. म्हणजे प्रत्येकीला काय मानवते ते पाहून औषध ठरवावे लागते. ते पाहावयाचे तर ती आधी दारात यावी लागते.

दुसरा मार्ग तर अगदी साधा आहे. व्हरमाँट विद्यापीठातील स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या सुमारास कोकेनच्या आहारी गेलेल्यांना, लघवीची तपासणी स्वच्छ निघाली की वस्तू घेण्याची कुपने देण्यास सुरुवात केली. सलग स्वच्छ राहिले, की कुपनाचे मूल्य वाढत जाई. पुढे हीच रीत सिगारेट ओढणाऱ्या गरोदर स्त्रियांसाठी वापरली गेली. ग्लासगोमध्ये ६१२ जणींवर ती करून पाहिली. नेहमीच्या समुपदेशनाने शेकडा ८.६ जणींनी गरोदरपणाच्या अखेरीपर्यंत सिगारेट सोडली; त्याच्याच जोडीला चारशे पौंडांपर्यंतची कुपने मिळाली तेव्हा शेकडा २२.५ जणींनी सोडली. हा निष्कर्ष २०१५ सालचा. तीन चतुर्थांशांहून अधिक जणींना तरीही सोडता आली नाही, हे मी लपवीत नाही. पण माझ्या त्या रांगेतल्या कडाडण्याने एकीलाही सुटली नव्हती.

"म्हणजे आईने स्वतःच्या बाळासाठी नीट वागावे म्हणून तिला लाच द्यावयाची?" हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारण्यात आला आहे. अहो, आपले सरकार २००५पासून जननी सुरक्षा योजनेत दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीच्या हाती पैसे ठेवतेच आहे. त्याला आपण साहाय्य म्हणतो. आणि सरकारचे कशाला? पाडव्याला बायको ओवाळते, तेव्हा नवरा ताटात काय घालतो? भाऊबीजेला भाऊ काय घालतो? त्याला कोणी लाच म्हटल्याचे ऐकिवात नाही. तिला ओवाळणी म्हणतात. तू आमची आहेस, तुझे बरे व्हावे असे आम्हांला वाटते, हे नाण्यांच्या भाषेत सांगण्याची ती आपली जुनी रीत आहे.

तेव्हा माझे मागणे दोन ठिकाणी आहे. पहिले सरकारदरबारी. गरोदर स्त्रीच्या कार्डावर रक्ताची आणि वजनाची नोंद होते, तशी मशेरीची व्हावी. ती विचारताना आवाज चढू नये. आणि सोडणारीला महिन्याच्या महिन्याला काही हातावर पडावे. व्यसनी पुरुषांसाठी जशी दारे उघडली गेली, तशी स्त्रियांसाठी, विशेषतः दिवस राहिलेल्या स्त्रियांसाठी, तालुक्याच्या गावी उघडावीत.

दुसरे मागणे हा अंक उशाला घेऊन फराळ करणाऱ्या तुम्हां घरच्या मंडळींपाशी. तुमच्या घरी सून, लेक, वहिनी किंवा भांडी घासणारी मावशी गरोदर असेल आणि तिच्या कनवटीला डबी असेल, तर तिला उपदेश करू नका. ती डबी तिला पहिल्यांदा कोणी दिली ते आठवा. बाजारातून तंबाखू कोण आणतो ते पाहा, आणि आणणाऱ्याचा हात आधी थांबवा. तिची दाढ दुखत असेल तर दाखवावयास न्या. पहाटेचे काम दुसऱ्या कोणी उचला. तिला आठवडाभर जमले तर कौतुक करा, आठव्या दिवशी घसरली तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. आणि तपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर जा. रांगेत कोणी माझ्यासारखी शहाणी बाई तिच्यावर ओरडू लागलीच, तर मध्ये पडून तिला गप्प करा.

माझ्या वेळी त्या रांगेत तसे कोणीच पुढे आले नव्हते.