संगणकाचं मागलं दार

मैत्रिणींनो, घरातल्या अडगळीचा त्रास फार तर जागेचा असतो. माळ्यावरची फुटकी बरणी कुणाचं काही बिघडवत नाही. संगणकातल्या अडगळीचं तसं नाही बरं का! तिथे न लागणारी एखादी सोय चालू राहिली, तर ती मागल्या दाराची सैल कडी ठरते. आज विंडोजमधल्या अशाच एका सोयीबद्दल लिहिते आहे. नाव आहे ‘एसएमबी १.०/सीआयएफएस फाइल शेअरिंग सपोर्ट’. नावाला घाबरू नका, ते पाठ करायचं नाही, यादीत नुसतं ओळखायचं आहे.

एका संगणकावरच्या फायली दुसऱ्याला दिसाव्यात, स्कॅनरने काढलेला कागद थेट आपल्या फोल्डरमध्ये येऊन पडावा, यासाठी यंत्रं आपसात एक ठराविक भाषा बोलतात. ही तिची पहिली, म्हणजे १९८० च्या दशकातली आवृत्ती. तेव्हा संगणक एखाद्या कचेरीच्या चार भिंतींत असायचे, बाहेरच्या चोराचा विचार कोण करणार? विंडोज एक्सपीपर्यंत तीच चालली. व्हिस्टापासून नवी आवृत्ती आली आणि आजची यंत्रं नवीच वापरतात. पण जुनी काढून टाकायची राहून गेली. सासूबाईंच्या काळातलं कुलूप तसंच लटकत राहावं आणि त्याची किल्ली गावभर झालेली असावी, तसला हा प्रकार.

किल्ली गावभर झाली ती २०१७ साली. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस याच जुन्या सोयीतल्या दोषातून शिरला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांवर संगणकांत पसरला. फायलींना कुलूप घालायचा आणि पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागायचा. इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला. तोही इतर वाटांबरोबर हीच वाट वापरत होता, आणि त्याने आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. म्हणजे गोष्ट अगदी साता समुद्रापलीकडची नाही. मायक्रोसॉफ्टने दोषावरचा उपाय मार्च २०१७ मध्येच दिला होता. ज्यांनी तो वेळेवर घेतला नाही, ते अडकले.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या संगणकात चोरण्यासारखं काय आहे? अहो, मुलीच्या बारशापासूनचे फोटो आहेत, दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत आहे, डब्यांचा व्यवसाय असेल तर गिऱ्हाइकांचा हिशेब आहे. चोराला त्याची किंमत नसेल, आपल्याला आहे, आणि खंडणी त्याचीच मागतात.

सोय काढायला माहितगार माणूस बोलवायला नको. कीबोर्डवरचं विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबून धरा आणि ‘आर’ दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात ‘ऑप्शनलफीचर्स’ हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर करा. यादी समोर येईल. तिच्यात वर सांगितलेलं नाव शोधा. चौकोन रिकामा असेल, तर तुमचं काम झालेलंच आहे. २०१७ च्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमधून ही सोय वगळायला सुरुवात केली. खूण किंवा भरीव चौकोन दिसला, तर सोय पूर्ण किंवा अर्धी चालू आहे. जुन्या विंडोजवरच नवी चढवली असेल किंवा कुणी जुना स्कॅनर जोडताना ती चालू केली असेल, तर असं होतं. खूण काढा, ओके म्हणा, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. मध्येच पासवर्ड विचारला, तर तो ज्याच्याकडे असेल त्याला शेजारी बसवा. ह्यांच्या ऑफिसचा लॅपटॉप असेल, तर मात्र हात लावू नका. तो त्यांच्या कचेरीचा प्रश्न.

त्याआधी एक पाहून घ्या. घरात किंवा क्लासमध्ये नेटवर्कवर जोडलेला जुना स्कॅनर, मोठं झेरॉक्स मशीन किंवा राउटरला लावलेली जुनी डिस्क आहे का? अशी काही यंत्रं फक्त जुनीच भाषा जाणतात आणि सोय काढल्यावर मुकी होतात. स्कॅनरचे कागद पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने घेता येतात का ते बघा. जुन्या डिस्कवाचून अडतच असेल, तर नावाशेजारच्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारा, नुसता ‘क्लायंट’ ठेवा आणि ‘सर्व्हर’ काढा. अर्थात हा आजचा दिवस भागवण्याचा उपाय; त्या डिस्कवरचे फोटो नव्या डिस्कवर हलवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

खूण काढल्याने जागा फारशी मोकळी होत नाही. विंडोज त्या फायली आपल्या कोठारात ठेवते, सोय फक्त बंद होते. आपली कागदपत्रं, फोटो यांना काहीही होत नाही. पण साफसफाईच्या भरात यादीतल्या बाकीच्या खुणा पुसत सुटू नका हं! ‘डॉट नेट’ नावाची सोय काढली, तर एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम उघडणारच नाही. ज्याचं काम ठाऊक नाही, ते राहू द्या. आणि ही कडी घातली म्हणून विंडोजचे अपडेट थांबवू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तो संगणक असणाऱ्यांनी घरात हा विषय काढाच.

पुढचे आठ-दहा दिवस छपाई, स्कॅनिंग, फायली देणं-घेणं नेहमीसारखं चाललंय ना, एवढं बघा. काही अडलंच, तर त्याच यादीत जाऊन खूण पुन्हा करता येते.